खून एक, माणसं सात: रहस्य कादंबरीतली पात्रं उभी करण्याची रीत

रहस्य कादंबरी वाचून सहा महिने झाले की विष कशात कालवलं होतं ते वाचक विसरतो. बंद खोलीची कडी बाहेरून कशी लावली, तेही विसरतो. लक्षात राहते ती उंबऱ्यावर बसून सगळी गल्ली मोजणारी म्हातारी, नाहीतर वहीवर पाणी सांडलं म्हणून मालकाच्या मरणापेक्षा जास्त कळवळणारा दिवाणजी. तरी नवा लेखक आधी खुनाची युक्ती रचतो आणि मग तिच्याभोवती माणसं चिकटवत जातो: एक चिडका भाऊ, एक देखणी पुतणी, एक घुमा नोकर. सगळी खाऱ्या शेंगदाण्यांसारखी, एक काढून दुसरा ठेवला तरी चालेल अशी.

सामाजिक कादंबरीत एखाद्याला उगाच तपकीर ओढायला लावता येते. रहस्यकथेत तपकीर ओढली तर ती कुठेतरी सांडलीच पाहिजे, कधी खरा माग म्हणून, कधी चकवा म्हणून. इथं पात्राचा ठसठशीतपणा आणि पुरावा या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. पुढची सगळी रीत याच एका गोष्टीवर उभी आहे.

उदाहरणासाठी एक कल्पित प्रकरण घेऊ. सोलापूरचा पूर्व भाग, टॉवेल-चादरींचा यंत्रमाग कारखाना. रात्रपाळीत ५८ वर्षांचा मालक मागांच्या मधल्या बोळात मेलेला सापडतो. संशयित आणि साक्षीदार मिळून सात: धाकटा भाऊ, दिवाणजी, जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, रात्रपाळीचा विणकर, कांडी म्हणजे आडव्या सुताची नळी भरणारी बाई, नक्षीची कार्डं म्हणजे विणायच्या नक्षीप्रमाणे भोकं असलेले पुठ्ठे पाडणारा पोरगा आणि समोरच्या घरात विड्या वळणारी आजी. सातच का? ६० ते ७० हजार शब्दांच्या कादंबरीत वाचक एवढीच माणसं डोक्यात वागवतो. नऊ-दहा झाली की तो पानं मागं उलटायला लागतो आणि चौथ्यांदा उलटावी लागली की पुस्तक मिटवतो.

आधी काम, मग स्वभाव

'तापट', 'मितभाषी', 'धूर्त' असे शब्द कच्च्या वहीतही लिहू नका. माणूस दिवसाचे दहा-बारा तास काय करतो ते लिहा, स्वभाव त्यातून आपोआप निघतो.

विड्या वळणाऱ्या आजीचं बघा. विडीची मजुरी हजारावर ठरते, म्हणून तिच्या डोक्यात घड्याळ नाही, आकडा चालतो. फौजदारानं विचारलं, "भाऊ किती वाजता गेला?" तर ती वाजले किती ते सांगणारच नाही. म्हणेल, "गेला तवा माझ्या तीनशे झाल्या होत्या, आला तवा साडेचारशे." आठ तासांत हजार धरल्या तर ताशी सव्वाशे, म्हणजे दीडशे विड्यांना १ तास १२ मिनिटं. या एका वाक्यात तिचं वय, कष्ट आणि तोरा येतो, शिवाय भावाच्या गैरहजेरीचं मापही मिळतं. आता त्यात एक फट ठेवा. त्या रात्री तंबाखू ओलसर होती किंवा पान फाटकं निघत होतं, त्यामुळे तिचा हात मंद चालत होता. तसं असेल तर १ तास १२ मिनिटांचे दीड-पावणेदोन तासही होतील. वेळेबाबत आजी खोटं बोललेली नाही आणि तरी हिशेब चुकला. चांगला चकवा असाच, साक्षीदाराच्या प्रामाणिकपणातून यावा.

रात्री उशिरापर्यंत ती जागी का, याचं उत्तरही गावातच आहे. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, भागाभागाचे दिवस ठरलेले असतात आणि वेळ कधी अपरात्रीचीही येते. पाण्याच्या रात्री गल्लीत कुणी गाढ झोपत नाही. घागरी, पिंप, मोटारीचा आवाज, कुणाचा नंबर आधी यावरून चकमक. त्या रात्री "मी दहालाच झोपलो" म्हणणारा माणूस खोटा आहे हे बायकांना कळेल, बाहेरगावाहून बदलून आलेल्या फौजदाराला कळणार नाही. कुणाला काय दिसतं आणि काय दिसत नाही, यातच निम्मं पात्र उभं राहतं.

कारखान्याच्या आतले तपशील मात्र नीट समजून घ्या, कारण इथं चूक झाली तर सोलापूरचा वाचक पहिल्या पन्नास पानांत पुस्तक ठेवून देईल. माग चालू असताना शेडमध्ये हाक ऐकू येत नाही. कामगार कानाशी ओरडतात, नाहीतर ओठ आणि हात वाचतात. तेव्हा "शेठ 'वाचवा' म्हणून ओरडले ते मी पलीकडून ऐकलं" ही साक्ष माग चालू असताना अशक्य आहे. ती चुकून लिहिली तर घोटाळा, जाणून लिहिली तर झकास: साक्षीदार तिथं नव्हताच. उलट, वर्षानुवर्षं ओठ वाचणारा विणकर काचेपलीकडचं भांडण 'ऐकू' शकतो आणि हे तो पंधराव्या प्रकरणापर्यंत कुणाला सांगत नाही.

कापडात उमटलेली खूण

वीज गेली किंवा कुणी माग बंद केला आणि तो थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला, की त्या जागी कापडात आडवी बारीक पट्टी उमटते. थांबलेल्या काळात ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, ताण बदलतो आणि पुढचे आडवे धागे किंचित दाट किंवा विरळ बसतात. थांबा जितका लांब तितकी पट्टी ठळक. म्हणजे मागावरचं कापड ही त्या रात्रीची नोंदवहीच झाली.

आकडे असे धरा: मिनिटाला १२० आडवे धागे, इंचाला ४०. म्हणजे मिनिटाला ३ इंच कापड. वीज गेल्याची वेळ माहीत आहे. त्या पट्टीपासून पुढच्या ठळक पट्टीपर्यंत १३५ इंच, म्हणजे पावणेचार वार भरले, तर मधे ४५ मिनिटं. फौजदार खूश होऊन वहीत ४५ लिहितो आणि इथं जॉबर हसतो. धोट्यातली, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या होडीतली, कांडी संपली की बदलावी लागते, त्यासाठी माग सतत थोडा थोडा थांबतो. तेव्हा ४५ ही कमीत कमी वेळ, खरी वेळ तासाच्याही पुढं. एकच पुरावा दोघं वेगळा वाचतात, आणि त्या वाचण्यातून दोघंही डोळ्यांपुढं उभे राहतात. वर्णनाची चार पानं टळली.

आता खरा प्रश्न: दुसऱ्यांदा माग थांबला कसा? आडवा धागा तुटला किंवा संपला की माग आपोआप थांबतो. पण धोट्यातल्या कांडीवर सूत शिल्लक होतं आणि धागा तुटलेलाही नव्हता. म्हणजे माग हातानं बंद केला. खून करून पळणारा माणूस दांडा ओढत बसत नाही. ज्याला बिघडलेलं कापड बघवत नाही, त्याचाच हात सवयीनं दांड्यावर जातो. पहिल्या दीडशे पानांत वाचकानं जॉबरवर ज्या गोष्टीसाठी जीव लावला, की हा माणूस मागाला गाईसारखा जपतो, तीच गोष्ट त्याला अडकवते. गुन्हेगार लपवायचा तर त्याला अंधारात ठेवू नका. त्याला पुस्तकातला सर्वांत आवडता माणूस करा आणि आवडण्याचं कारण हेच पकडलं जाण्याचं कारण करा.

आणि कांडीवर सूत शिल्लक होतं हे कुणाच्या ध्यानात येईल? फौजदाराच्या नाही, कांडी भरणाऱ्या बाईच्या. दिवसभर तेच ती करते.

प्रत्येकाचं एक पान

लिहायला बसण्याआधी सातही जणांना एकेक कोरं पान द्या आणि त्यावर पाचच गोष्टी लिहा: कामाच्या वेळा; इतरांना न दिसणारं याला काय दिसतं; कोण याला काय म्हणून हाक मारतं; याला कशाची लाज वाटते; आणि पोलिसांशी हा कोणतं खोटं बोलतो. डोळ्यांचा रंग, उंची, आवडता पदार्थ यातलं काही लिहू नका, गरज पडेल तेव्हा सुचतं.

शेवटच्या दोन ओळींवर सगळ्यात जास्त वेळ घालवा, निदान एक संध्याकाळ प्रत्येकी. सातही जण खोटं बोलले पाहिजेत, पण खुनाबद्दलचं खोटं एकाचंच. बाकी सहांचं खोटं लाजेतून येतं. धाकटा भाऊ घरी होतो म्हणतो, कारण तो खरं तर व्याजानं पैसे देणाऱ्याच्या ओट्यावर हात जोडून बसला होता. दिवाणजीनं पगाराच्या रकमेतून मुलीच्या फीसाठी पैसे वापरलेत, महिन्याअखेर परत ठेवणार होता. कार्ड पाडणाऱ्या पोरानं एक नक्षी दुसऱ्या कारखान्याला विकली. विणकर पाळी सोडून नळावर पाणी भरायला गेला होता. कांडीवाली बाई त्या रात्री कारखान्यात आलेच नव्हते म्हणते, कारण ती उरल्यासुरल्या सुताच्या गुंड्या पदराखाली घरी नेते.

आता गाठ कशी बसली बघा. खून उलगडणारी गोष्ट जिला माहीत आहे, तिला ती सांगायची तर आधी स्वतःची चोरी कबूल करावी लागते. पन्नास-शंभर रुपयांच्या सुताची लाज एका खुन्याला पंचवीस प्रकरणं वाचवते. पाठलाग, गोळीबार काही नसताना वाचक पान उलटत राहतो तो यासाठी.

खोटी एकदम फोडू नका. ३० प्रकरणं धरली तर सहाव्यापासून सुरुवात करून दर तीन-चार प्रकरणांनी एक फुटू द्या आणि प्रत्येक फुटलेल्या खोट्यानं संशय दुसऱ्याकडे सरकला पाहिजे. एखादं खोटं फुटून काहीच हललं नाही तर ते पात्र जास्तीचं आहे. काढून टाका, हळहळू नका.

बोलणं

सोलापुरात एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू कानावर पडते. लेखकाला ही आयती कमाई आहे आणि तितकाच मोठा खड्डाही. नवशिके प्रत्येक ओळीत 'बे' टाकतात. तिसऱ्या पानावर त्याचा कंटाळा येतो आणि पात्राऐवजी नक्कल उरते. हिशेब असा ठेवा: प्रत्येकाला एक व्याकरणाची लकब आणि एक शब्द, बस. विणकर "मी कांडी बदलूलालो" म्हणेल, दिवाणजी तेच "बदलत होतो" म्हणेल. दखनी बोलणारा 'हौ' आणि 'नक्को' एवढ्यावरही ओळखू येतो. दहा संवादांत दोनदा लकब दिसली की वाचकाचा कान उरलेले आठ स्वतःच भरून घेतो.

हाकेचं महत्त्व लकबीपेक्षा जास्त. मयत मालकाला कामगार 'शेठ' म्हणतात, भाऊ 'अन्ना', भावजय चारचौघांत नावानं बोलतच नाही. मग एखाद्या प्रकरणात विणकर बेसावधपणे शेठऐवजी 'अन्ना' म्हणून जातो. वाचकाच्या कानाला ते खटकतं. हे नातं कुठून आलं? भिंगाखाली पाहिलेल्या दहा ठशांपेक्षा असा एक शब्द जास्त काम करतो. त्यासाठी आधीच्या प्रकरणांत हाका कटाक्षानं एकसारख्या ठेवाव्या लागतात. तुमच्याच हातून एकदा 'शेठ' आणि एकदा 'मालक' झालं असेल तर युक्ती मेली.

तपास करणाऱ्याला तेलुगू येत नसेल तर जबाब घेताना दुभाषा लागतो. त्याला फुकट सोडू नका. बाई चार वाक्यं बोलते, दुभाषा एकच सांगतो. गाळलेली तीन कोणती?

एक इशारा. भाषेवरून धंदा आणि धंद्यावरून स्वभाव ठरवू नका. पूर्व भागातला प्रत्येक जण मागावर नाही, कित्येक घरांतली पोरं पुण्यात संगणकावर बसतात. जातीचा साचा वापरला की पात्र सपाट होतं, शिवाय गुन्हेगारही आधीच ओळखू येतो. आणि खऱ्या कारखान्याचं, खऱ्या कुटुंबाचं नाव उचलू नका. पेठ खरी ठेवा, पाटी बनावट लावा.

तपास करणारा

मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना सोलापूरच्या सात रस्ता चौकातून कोट घातलेला खाजगी गुप्तहेर फिरवू नका. फौजदार घ्या, निवृत्त हवालदार घ्या, वार्ताहर घ्या. फौजदार घेतला तर तो फौजदार चावडी, जेलरोड की जोडभावी पेठ पोलीस ठाण्याचा हे ठरवा, कारण हद्द ठरली की त्याचे खबरी, चहाची टपरी आणि वरिष्ठांची भीतीही ठरते. शहराला आयुक्तालय वेगळं आणि जिल्ह्याला ग्रामीण पोलीस वेगळे, तेव्हा प्रेत हद्दीवर टाकलं तर पहिली दहा पानं दोन ठाण्यांच्या ढकलाढकलीतच रंगतात.

कायदा पात्राच्या तोंडून येऊ द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाचं कलम ३०२ जाऊन १०३ आलं. पंचवीस वर्षं नोकरी झालेला हवालदार अजून 'तीनशे दोन' म्हणेल, नवा फौजदार दर वेळी दुरुस्त करेल आणि शेवटी एकदा घाईत स्वतःच 'तीनशे दोन' म्हणून जाईल. दोन माणसं तीन ओळींत उभी. कादंबरी २०२३ मधली असेल तर मात्र १०३ लिहिलं की पकडले गेलात.

शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून गुन्हेगाराला कबूल करायला लावायचं, ही नाटकी रीत आपल्याकडे लंगडी पडते. पोलिसाला दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २३ आहे. पोलिसांच्या ताब्यातल्या आरोपीच्या सांगण्यावरून एखादी गोष्ट उघडकीला आली तर तेवढाच भाग चालतो. म्हणून तुमच्या फौजदाराला बोलण्यापेक्षा वस्तू हवी असते: तो मागावरून उतरवलेला टॉवेलचा तागा, ती अर्धी भरलेली कांडी. पंचनाम्याला बोलावलेला पंचही वाया घालवू नका. कोपऱ्यावरचा पानवाला पंच म्हणून सही करतो, घाबरतो, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पेठेला आतलं दृश्य मीठमसाला लावून सांगतो.

तपास करणाऱ्याला एक डोळा आणि एक आंधळी जागा द्या. आपल्या फौजदाराचा आकड्यांवर फार विश्वास, म्हणून ४५ मिनिटांत तो फसतो. सिगारेट, घटस्फोट, जुनी जखम हे सगळं वापरून झिजलंय.

मेलेला माणूस

सगळ्यात दुर्लक्ष इथं होतं. मयत म्हणजे पहिल्या प्रकरणातला खडूचा आकार नव्हे. तो जितका ठसठशीत, तितकी बाकीच्यांची खोटी वजनदार. तो जिवंत असताना दाखवायचा नसेल तर मागं राहिलेल्या वस्तूंतून बोलू द्या. आपला मालक एका दिवसासाठी हैदराबादला जाऊन येतो म्हणाला होता. पिशवीत मात्र कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणीचा मोठा डबा. कडक भाकरी कित्येक दिवस टिकते, एका दिवसाच्या माणसाला दोन पुरतात. म्हणजे तो परत यायचा नव्हता. भाकऱ्या कुणी करून दिल्या? घरातल्या कुणालातरी हे माहीत होतं.

आत आणणं आणि गर्दीत ओळखणं

पहिल्या आठ-दहा पानांत तीनपेक्षा जास्त माणसं आणू नका. प्रत्येकाला काम करताना आणा, ओळख पन्नास-साठ शब्दांत आटपा आणि पुढच्या वीस पानांत तो पुन्हा दिसू द्या. गुन्हेगार पहिल्या एक-तृतीयांश भागात येऊन गेलाच पाहिजे, नंतर आणणं ही वाचकाची फसवणूक आहे. नावांची आद्याक्षरं वेगळी ठेवा. सुरेश, सतीश, संतोष एका कादंबरीत नांदू शकत नाहीत.

गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराची यात्रा, वापरण्याचा मोह सगळ्यांना होतो. होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामात पिस्तुलाचा आवाज लपवणं फार झालं, ते सोडा. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे पांढरी बाराबंदी, बंदांचा अंगरखा. संक्रांतीला सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात तेव्हा शेकडो माणसं एकाच वेशात असतात. कपड्यावरून कुणीच ओळखू येत नाही, साक्षीदाराला चाल आणि हात यावरच बोलावं लागतं. आयुष्यभर मागाखाली वाकून काम केलेला जॉबर गर्दीतही किंचित डावीकडे झुकून चालतो, हे तुम्ही चौथ्या प्रकरणात सहज म्हणून लिहिलेलं असलं पाहिजे.

कच्चा खर्डा झाल्यावर

संवादांतली सगळी नावं आणि 'तो म्हणाला' खोडून एक प्रकरण ओळखीच्या वाचकाला द्या. कोण बोलतंय हे दहापैकी आठ वेळा ओळखता आलं तर बोलणं जमलं. सहाच्या खाली गेलं तर लकबी वाढवू नका, त्या माणसाला काय दिसतं ते बदला.

मग दहा वाचकांना तेविसाव्या प्रकरणाशी थांबवून विचारा, खून कुणी केला. दहापैकी दोघातिघांनी जॉबर म्हटलं तर चांगलं. कुणीच म्हटलं नाही तर माग बंद केल्याची खूण फार खोल पुरली गेली, सगळ्यांनी म्हटलं तर जॉबरचं मागावरचं प्रेम दोन जागी कमी करा. आणि कुणी म्हणालं, "जॉबर नसला तर बरं," तर एक शब्दही हलवू नका.